पणजोबा गिरणीत होते, पण त्यांचा संसार शोधायला गिरणीत जाऊ नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पणजोबा १९२० च्या आसपास मालवण तालुक्यातल्या गावातून बोटीने मुंबईला आले, लालबागला राहायचे, गिरणीच्या साळखात्यात म्हणजे विणकामाच्या खात्यात होते असं घरात सांगतात, शेवटी गावी परत गेले आणि १९५८ नाहीतर ५९ ला वारले. फोटो एकही नाही. पणजीची दोन वेगळी नावं कानावर येतात, मुलं नक्की किती झाली यावर घरात एकमत नाही, आणि गिरणी होती तिथे आता टॉवर उभा आहे, मग सुरुवात करायची कुठून.

मी गेली बावीस वर्षं लोकांची घराणी शोधून द्यायचं काम करतेय, त्यातली निम्मी तरी चाकरमान्यांची, म्हणून आधीच सांगते की गिरणीपासून सुरुवात करू नका. सगळे तिथूनच करतात आणि सहा महिन्यांत दमतात. एकतर १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करत बंद पडल्या तेव्हा बहुतेक मस्टरं, म्हणजे हजेरीची रजिस्टरं, रद्दीत गेली. आणि समजा मस्टर मिळालंच तरी त्यात असणार काय, तिकीट नंबर, खातं, हजेरी, पगार. या माणसाला बायको आहे का, पोरं किती, गावी म्हातारी आई आहे का, याच्याशी गिरणीला काही देणंघेणं नव्हतं.

संसार गावी होता हो. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या, आणि रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांच्या वर लोक एकट्या मुंबईत राहत होते. म्हणजे नवरा लालबागच्या एका खोलीत दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर, खानावळीत जेवणार, आणि बायको गावी भात लावणार, सासूचं करणार, पोरं वाढवणार. मग कागदही तिकडेच होणार ना. (शिरगणतीवरून आठवलं, इंग्लंडात शंभर वर्षांनी घरोघरच्या नावांच्या याद्या खुल्या होतात, त्यामुळे परदेशातले नातेवाईक आपल्याला विचारत राहतात की सेन्ससमध्ये बघितलंस का. आपल्याकडे आकडे काढून झाले की त्या चिठ्ठ्या ठेवल्याच नाहीत. आकडे मिळतात, नावं मिळत नाहीत, त्या वाटेला जाऊ नका.)

तर पहिलं काम घरातलं. गावच्या घरात माळ्यावर पत्र्याची ट्रंक असते, ती कुणीतरी उघडलेली असते पण नीट बघितलेली नसते. लोक दागिने आणि जमिनीचे कागद बघतात आणि बाकी चिठ्ठ्याचपाट्या परत कोंबतात. त्यात मनीऑर्डरची कुपनं शोधा. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक पट्टी असायची, पाठवणाऱ्याने चार ओळी लिहायच्या, पोस्टमन पैसे देऊन ती पट्टी घरी ठेवून जायचा. एका घरात मला अशी सतरा कुपनं मिळाली, सुतळीने बांधलेली, उंदराने एक कोपरा खाल्लेला. प्रत्येकावर पोस्टाचा शिक्का म्हणजे तारीख आली, रक्कम आली, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात चाळीचं नाव आणि खोली नंबर आला, आणि मजकुरात लावणीला गडी सांग, धाकटीला औषध आण, दादाचे पैसे शिमग्याला देतो. त्या "धाकटी"चं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. ती चार वर्षांची असताना गेली होती, हे पुढे मृत्यूच्या नोंदीत सापडलं.

त्याच ट्रंकेत जुनं रेशनकार्ड असेल तर तेही बघा, मुंबईत रेशनिंग १९४३ ला आलं, आणि कार्डावर खोलीत किती माणसं ते कळतं. पणजोबा १९५४ नंतरही कामावर असतील तर ईएसआयसीचा म्हणजे कामगार विम्याचा कागद किंवा पीएफचा काहीतरी तुकडा मिळू शकतो, पीएफचा कायदा १९५२ चा. तुमचे आजोबाही गिरणीत होते का हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण होते असतील तर त्यांचे कागद आधी काढा, कारण बाप ज्या खात्यात त्याच खात्यात मुकादमाला सांगून पोराला बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लावायची पद्धत होती, आजोबांची गिरणी कळली की पणजोबांची बहुतेक तीच निघते. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घरासाठी घरात कुणी अर्ज केला असेल तर ही सगळी कागदं एका फाईलमध्ये लावलेली सापडतील, फुकटात काम झालं.

आता मुख्य गोष्ट. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना नंबर १४, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते मागा. गावातल्या जन्ममृत्यूची नोंद. तारीख, मुलगा की मुलगी, बापाचं नाव, जात, कधी कधी खबर कुणी दिली तेही. मुलाचं नाव बहुतेक वेळा नसतंच कारण बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते, म्हणून "आमच्या आजोबांचं नाव दिसत नाही" म्हणून पान उलटू नका, बापाच्या नावाने वाचत जा. अर्ज करा, कोर्ट फी स्टॅम्प लावा, नक्कल मिळते. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायची जी मोहीम निघाली तिच्यात बऱ्याच ठिकाणी ही बुकं बाहेर काढून स्कॅन झाली, त्यामुळे पूर्वी जे "वाळवीने खाल्लं" म्हणून सांगायचे ते आता अचानक मिळायला लागलंय. मला एका ऑफिसात तीन वेळा वाळवी सांगितली होती, चौथ्या वेळी तेच बुक टेबलावर, वाळवीचं एक भोक नाही.

लिपीची तयारी ठेवा. त्या काळातलं बरंच मोडीत असतं. पूर्ण मोडी शिकायला वेळ नसेल तरी दोन शब्द ओळखायला शिका, "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा आणि "कोम" म्हणजे अमक्याची बायको, कुठेकुठे "भ्रतार" किंवा नुसतं "भ्र." असतं. आणि तुमच्या पणजोबांचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव मोडीत कुणाकडून तरी लिहून घेऊन तो कागद हातात ठेवूनच पानं चाळा. एकाच तलाठ्याचं अक्षर असतं, वीस पानांनंतर डोळा बसतो. आडनाव शोधू नका, ते असेल तर असेल. त्या पिढीत बऱ्याच घरांत आडनाव हा मुंबईत आल्यावर लागलेला प्रकार, गावात माणूस ओळखायचा तो बापाच्या नावाने आणि वाडीने, आणि मुंबईत क्लार्कने विचारलं की गावाला "कर" लावून मोकळे.

नोंदी मिळाल्या की त्या नुसत्या लिहून काढू नका, शेजारी महिने मांडा. मला या कामातला हा भाग सगळ्यात आवडतो. चाकरमानी गावी कधी येणार, शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत. शिमग्याला आला तर पोर डिसेंबरच्या आसपास, मेमध्ये आला तर फेब्रुवारी, गणपतीला आला तर मे-जून. चार-पाच जन्म असे ओळीने मांडले की माणूस कुठल्या साली कधी घरी आला ते समोर दिसायला लागतं. आणि १९२८ चा संप घ्या, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद, सहा महिने मुंबईत खायचं काय म्हणून हजारो लोक गावी निघून गेले. एका घराण्यात सगळी पोरं डिसेंबर-फेब्रुवारीतली आणि मध्येच एक एप्रिल १९२९ चं. घरातल्या मंडळींना त्या एप्रिलच्या पोराबद्दल कुजबुज ऐकून माहीत होती, की बाप मुंबईला असताना हे कसं. बाप मुंबईला नव्हताच, संपामुळे पावसाळाभर गावी होता. नव्वद वर्षं त्या बाईवर उगाच बोट ठेवलेलं.

मृत्यूची पानंही तितकीच निवांत वाचा. "मुलं किती झाली" याचं घरातलं उत्तर हे जगलेल्या मुलांचं असतं. पटकी, देवी, ताप, आणि १९१८ ची मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, यात गेलेली पोरं कुणी मोजत नाही. तुमच्याकडे पाच सांगत असतील तर आठ धरून चाला.

आणि इथे बहुतेक लोक अडकतात. पहिली दोन बाळंतपणं सासरच्या गावच्या बुकात सापडत नाहीत, आणि मग लोक ठरवतात की नोंदच झाली नाही. अहो, पहिलटकरीण माहेरी जाणार की नाही. नोंद तिच्या माहेरच्या गावच्या कोतवाल बुकात असणार, बापाच्या नावापुढे "राहणार अमुक गाव" असं तुमच्या गावाचं नाव असणार, आणि खबर देणारा असेल तर तो मुलीचा बाप नाहीतर भाऊ. म्हणजे एका ओळीत तुम्हाला पणजीच्या माहेरचा माणूस मिळाला. तुम्ही पणजीचं माहेर कुठलं हे तुमच्या प्रश्नात लिहिलंच नाही, यावरून मला वाटतं घरातही कुणी विचारलेलं नाही. ते विचारा, म्हातारी आत्या असेल तिला विचारा, लग्नात मामा कुठून यायचा, शिधा कुठून यायचा, असं आडून विचारलं की सांगतात. एक अडचण सांगून ठेवते, माहेर जर कुडाळ-सावंतवाडीकडचं निघालं तर १९४८ पर्यंत ते सावंतवाडी संस्थान, मालवण मात्र इंग्रजी मुलखात, त्यामुळे दोन तालुके शेजारी असले तरी दप्तरं वेगळी. आणि सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, त्याच्या आधीचं सगळं रत्नागिरी म्हणून लिहिलेलं असणार, तेव्हा कुणी "हे आमच्याकडे नाही" म्हणालं तर रत्नागिरीलाही विचारून या.

शाळेचं प्रवेश निर्गम रजिस्टर बघा जरूर, मुलं गावच्या शाळेत गेली असतील तर. पण तिथल्या जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका. १ जून दिसली की हसून पुढे जायचं, निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस मास्तरांनी १ जूनला लावलेला आहे. रजिस्टरमधून घ्यायचं ते पालकाचं नाव, पालकाचा धंदा आणि शाळा कधी व का सोडली. बाप मुंबईला असेल तर पालक म्हणून काकाचं नाव असतं, मग मुलगा काकाचा समजून लोक भलतीकडे जातात.

आता जमीन. "आमची जमीन नव्हती हो, पणजोबा कामगार होते" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. दोन गुंठे असतील, कुळाची असेल, पण काहीतरी असतंच. सातबारावर पणजोबांचं नाव नाही म्हणून सोडू नका, एकत्र कुटुंबात थोरल्याचंच नाव लागायचं, पुढे "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. शिवाय खोती गाव असेल, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणारा खोत असेल, तर जमीन खोताच्या नावावर आणि तुमचे लोक कूळ, खोती गेली १९४९ च्या कायद्याने, आणि मग कूळ कायद्यात १ एप्रिल १९५७ ला जो कसतोय तो मालक. मुंबईत साचा म्हणजे माग चालवणारा माणूस कसत नव्हता, गावातला भाऊ कसत होता, त्यामुळे भावाचं नाव लागलं आणि चाकरमान्याच्या पोरांना पुढे काही मिळालं नाही, असे वाद घराघरात आहेत. तुमच्याकडेही असेल तर भाऊबंदांना फोन करताना जरा जपून, "वंशावळ करतोय" म्हटलं की त्यांना वाटतं हिस्सा मागायला आला.

सातबारापेक्षा फेरफार बघा, म्हणजे जमिनीवरची नावं कधी आणि का बदलली त्याची नोंद, गाव नमुना ६. काही तालुक्यांचे जुने फेरफार सरकारच्या आपले अभिलेख या साइटवर स्कॅन करून ठेवलेत, नाहीतर पुन्हा रेकॉर्ड रूम. एका फेरफारात काय काय असतं ते दाखवते. समजा लिहिलंय, अमका मयत, तारीख अमुक, वारस मुलगे तीन, पैकी दोन अज्ञान, "अ.पा.क. आई" आणि पुढे आईचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. या एका ओळीतून बाप कधी गेला ते कळलं, दोन पोरं तेव्हा अठराच्या आतली होती ते कळलं, आणि आईचं नाव, जे जन्माच्या नोंदीत कुठेच नव्हतं, ते मिळालं.

मुलींचं मात्र वेगळं आहे. १९५६ च्या जूनमध्ये हिंदू वारसा कायदा आला, त्याच्या आधी माणूस मेला तर वारसनोंदीत मुलगे असेपर्यंत मुली दिसतच नाहीत, जणू झाल्याच नव्हत्या. तुमचे पणजोबा १९५८-५९ ला गेले म्हणता, म्हणजे तुमचं नशीब चांगलं आहे. त्यांच्या वारसनोंदीत लग्न झालेल्या मुली सासरच्या नावाने आणि गावासकट यायला हव्यात. आणि भावांनी नंतर बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं असेल (घेतलंच असेल), तर ते दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झालेलं असतं, त्यात सगळ्या बहिणींची नावं, वयं, पत्ते आणि अंगठे. हक्क सोडायला लावणारा कागद, पण बायकांची नावं जपून ठेवली ती त्यानेच.

पणजीच्या दोन नावांबद्दल. तीन शक्यता. लग्नात नाव बदललं, तर एक माहेरचं आणि एक सासरचं, ही सगळ्यात साधी गोष्ट आणि दहातल्या सात वेळा हेच निघतं. दुसरी, पहिली बायको बाळंतपणात गेली आणि दुसरं लग्न केलं, किंवा दुसरी पाटाची, म्हणजे पुनर्विवाहाची. तेव्हा मृत्यूच्या पानात "कोम" शोधा, आणि दोन मुलांमध्ये चार-पाच वर्षांचं अंतर दिसलं तर तिथे थांबून शोधा. तिसरी शक्यता, एक बायको गावी आणि एक मुंबईला. हेही असायचं, आणि ते गावच्या कागदात नसतं, मुंबईच्या खोलीच्या कागदात असतं. असं काही निघालं तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकटं गाठून आधी सांगा. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, मी एकदा पाहिलंय काय होतं ते.

मुंबईचं काय उरलं मग. दोन ठिकाणं. एक, खोली. चाळीची खोली पणजोबांच्या नंतर कुणाच्या नावावर झाली असेल तर त्या वेळी मालकाकडे नाहीतर बीडीडी चाळ असेल तर सरकारी खात्याकडे वारसांची यादी, अॅफिडेव्हिट, मृत्यूचा दाखला असं दिलेलं असतं. खोलीसाठी माणूस सगळे वारस खरे लिहितो, कारण एक सुटला तर तो उद्या दारात येणार. मुलं मुंबईत झाली असतील तर वॉर्ड ऑफिस, लालबाग-परळ एफ साउथमध्ये येतं, त्या बाजूच्या बायका केईएमला किंवा वाडियाला जायच्या, दोन्ही १९२६ ची. पण पुन्हा सांगते, त्या काळात बाळंतपण गावीच जास्त.

दुसरं ठिकाण कुणाच्या लक्षात येत नाही, गावच्या मंडळाची खोली. कोकणातल्या बहुतेक गावांचं मुंबईत मंडळ असतं, लालबाग-परळ-गिरगावात खोली, नवीन आलेला पोरगा तिथेच पहिल्यांदा पथारी टाकायचा. मंडळाची वर्गणीची वही असते. एका मंडळात मला १९३० च्या दशकातली वही बघायला मिळाली, देवीच्या फोटोच्या मागे ठेवलेली, हळदकुंकू लागून पानं चिकटलेली. नाव, वाडी, गिरणी, वर्गणी आणि शेरा. शेऱ्यात "मुलगा झाला, पेढे", "गावी गेला", "मयत, घरी रु. १५ पाठविले". गिरणीच्या कुठल्याच कागदात नसलेला माणूस असा एका शेऱ्यात उभा राहतो. तुमच्या मंडळाच्या सेक्रेटरीला गाठा, गणपतीच्या आधी नको, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

साळखात्याबद्दल एक. घरात सांगतात ते खरं असेल, पण तपासा, कारण नंतरच्या पिढीला सगळेच साचेवाले वाटतात, विणकराला पगार आणि मान जास्त होता ना. दलित कामगारांना तर साळखात्यात घेतच नसत, धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा म्हणून, १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा धरला होता. तेव्हा घराणं महार असेल तर रिंगखात्याकडे म्हणजे सूतकताईकडे बघा, आणि गावी जमिनीऐवजी महार वतनाच्या कागदात, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळालेल्या जमिनीच्या. १९५६ नंतर जातीच्या रकान्यात बौद्ध लागलेलं असेल, म्हणून आधीची आणि नंतरची नोंद वेगवेगळ्या माणसांची समजू नका.

आता माझी चूक सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाला मी पूर्ण वंशावळ करून दिली, फ्रेम करून लावली त्यांनी, आणि दोन वर्षांनी कळलं की पणजोबा चुकीचे. एकाच गावात, एकाच वाडीत, एकाच नावाचे आणि एकाच नावाच्या बापाचे दोघं, चुलत चुलत भाऊ. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली पद्धत, त्यामुळे दोन शाखांमध्ये तीच तीन नावं फिरत राहतात. तेव्हापासून नुसतं नाव जुळलं की मी काही मानत नाही. बायकोचं नाव, सर्व्हे नंबर, सख्ख्या भावाचं नाव, यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरच तो माणूस आपला, तोपर्यंत पेन्सिलने लिहायचं.

तर तुमच्यासाठी क्रम असा, ट्रंक, मग आत्या, मग १९५८ ते ६० मधला वारस फेरफार, मग दोन्ही गावची कोतवाल बुकं १९२० ते १९४५. फेरफार हातात आला की त्यातली नावं मला कळवा, माहेरचं गाव कळलं तर तेही, म्हणजे पणजीच्या दोन नावांचं काय ते बघता येईल.